होल्स्टर आणि इतर साहित्यासाठी कमरेचा पट्टा कसा निवडावा

परवानाधारक मंडळी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेताना पुष्कळ चौकशी करतात आणि होल्स्टरही (शस्त्र कमरेला बाळगण्याचे म्यान) पारखून घेतात. पण हे सगळे ज्याने पेलायचे तो पट्टा मात्र बहुतेक वेळा कपाटात आधीपासून असलेला, ऑफिसच्या पँटवरचाच असतो. त्याचा परिणाम काही तासांतच दिसू लागतो. होल्स्टर वरच्या बाजूने शरीरापासून सुटून बाहेर कलते, शर्टाखालून मुठीचा उंचवटा दिसतो, त्या बाजूची पँट खाली ओढली जाते आणि माणूस नकळत सारखा तिथे हात नेऊन ती सावरत राहतो. शस्त्र बाहेर काढण्याची वेळ आलीच, तर त्याच्याबरोबर होल्स्टरही वर उचलले जाते. हे दोष होल्स्टरचे आहेत असे समजून लोक दुसरे होल्स्टर आणतात. खरी गरज असते ती पट्टा बदलण्याची.

प्रथम ओझे किती आहे ते पाहावे. कानपूरला तयार होणारे .३२ बोअरचे नेहमीचे रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅम वजनाचे असते. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे ५०० ग्रॅमवर आले. त्यात सहा काडतुसे आणि चामड्याचे होल्स्टर मिळवले, की पाऊण ते एक किलोचा भार कमरेच्या एकाच बाजूला, तळहाताएवढ्या जागेवर येतो. एवढे वजन एरवी फारसे नाही. पण ते पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला लटकत असल्यामुळे पट्ट्याला नुसता खाली ओढत नाही, तर पीळही देते. हा पीळ जो सहन करतो तोच या कामाचा पट्टा. यात कायद्याचाही भाग आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन (रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल) होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या तशाच साधनात, पूर्णपणे झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात असावी लागते. बाहेर कलणारे आणि हलणारे होल्स्टर या अटी पाळणे अवघड करते.

दुकानात पट्टा पाहताना सर्वांत उपयोगी परीक्षा हाताने करण्याची आहे आणि तिला अर्धे मिनिटही लागत नाही. पट्ट्याचा साधारण वीतभर भाग दोन्ही हातांत धरून तो ओला कपडा पिळतात तसा पिळून पाहावा. त्यानंतर अंगठा एका काठावर आणि बोटे दुसऱ्या काठावर ठेवून, पट्ट्याची रुंदी मधून दुमडण्याचा प्रयत्न करावा. चांगला पट्टा कमरेभोवती सहज वळतो, पण रुंदीत दुमडत नाही आणि सोडताच पीळ उलगडून सरळ होतो. जो पट्टा बोटांच्या दाबाने पन्हाळीसारखा वाकतो, तो होल्स्टरच्या भाराने वरच्या काठाशी नक्की उलटा वळणार, मग दुकानदार त्याच्या कातड्याची कितीही वाखाणणी करो. ही परीक्षा बकलाजवळ न करता पट्ट्याच्या मध्यावर करावी, कारण बकलाजवळ कातडे दुहेरी असते आणि तिथे साधा पट्टाही ताठ लागतो.

कातडी पट्ट्यात एकेरी आणि दुहेरी असे दोन प्रकार मिळतात. होल्स्टरसाठी दोन थर एकमेकांना चिकटवून दोन्ही काठांनी शिवलेला, एकूण ४ ते ५ मिलिमीटर जाडीचा पट्टा मी सुचवीन. एकेरी पट्टा घ्यायचाच असेल, तर तो किमान ४ मिलिमीटरचा आणि घट्ट वीण असलेल्या पाठीच्या कातड्याचा असावा. पोटाकडचे कातडे सैल असते आणि लवकर ताणते. थर खरे आहेत की नाहीत हे ओळखण्यासाठी पट्ट्याचे टोक आणि भोकांच्या आतल्या कडा नीट पाहाव्यात. वर पातळ कातडे, खाली रेक्झिन आणि मध्ये पुठ्ठ्यासारखा भराव, अशी रचना तिथे उघडी पडते. कातड्याच्या चुऱ्यापासून दाबून केलेले पट्टे वरून गुळगुळीत दिसतात, पण काही महिन्यांत भोकांपाशी पापुद्रे सुटून फाटतात. ‘अस्सल लेदर’ असा शिक्का त्यांच्यावरही असू शकतो, म्हणून शिक्क्यावर न जाता कड पाहावी.

आपल्या बाजारात म्हशीचे कातडे मुबलक आहे. ते जाड आणि चिवट असते, मात्र दुहेरी थर आणि शिवण नसेल तर भाराखाली ताणते. कमावण्याची पद्धतही विचारावी. बाभळीची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतींनी कमावलेले कातडे ताठ राहते, तर क्रोमने कमावलेले मऊ असते. म्हणून या कामाला पहिले अधिक योग्य. कोल्हापुरी चपलांसाठी वापरतात ते कातडे याच जातीचे असल्याने, कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये किंवा ओळखीच्या चर्मकाराकडून मापाने पट्टा करून घेणे हा उत्तम मार्ग आहे. तयार माल पाहायचा असेल, तर मुंबईत धारावीतील चामड्याच्या दुकानांत निवड भरपूर आहे. करून घेताना दोन थरांच्या मध्ये कडक प्लॅस्टिकची किंवा स्प्रिंग स्टीलची पातळ पट्टी घालायला सांगता येते. तशी पट्टी असली, की चांगल्यापैकी वजनही पेलते. मात्र स्टीलच्या पट्टीमुळे मेटल डिटेक्टरपाशी प्रत्येक वेळी थांबावे लागेल, हे ध्यानात ठेवावे.

ज्यांना घाम फार येतो किंवा ज्यांचे काम पावसात उघड्यावर असते, त्यांनी नायलॉनच्या जाड नवारीचा पट्टा घ्यावा. साध्या बॅगेला लावतात ती मऊ नवार इथे चालत नाही. दुहेरी, आडव्या शिवणींच्या अनेक ओळींनी ताठ केलेली नवार हवी.

रुंदीच्या बाबतीत पट्टा, होल्स्टर आणि पँटचे लूप या तिघांचा मेळ बसवावा लागतो. रोजच्या वापरासाठी ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच, ही रुंदी सोयीची आहे. बहुतेक होल्स्टरांच्या खाचा याच मापाच्या असतात. खाच ४५ मिलिमीटरची आणि पट्टा ३८ चा असेल, तर होल्स्टर वर-खाली हलते आणि त्यावर पट्टा कितीही घट्ट आवळला तरी उपाय होत नाही. म्हणून खरेदीला जाताना शस्त्र घरी कुलपात ठेवून रिकामे होल्स्टर तेवढे सोबत न्यावे आणि पट्टा खाचेतून ओवून पाहावा. तो किंचित जोर लावून आत गेला पाहिजे. फॉर्मल पँटचे लूप कधी कधी अरुंद असतात. शिंप्याकडून ते रुंद करून घ्यावेत आणि होल्स्टरच्या पुढे-मागे एकेक जादा लूप लावून घ्यावा. हा खर्च किरकोळ असतो, पण होल्स्टर पुढे-मागे सरकणे त्याने जवळपास थांबते.

लांबी पँटच्या मापावरून ठरवू नये. सध्याच्या पट्ट्यावर बकलाच्या दुमडीपासून आपण वापरतो त्या भोकापर्यंत टेपने मोजावे, आणि होल्स्टर पँटच्या आत खोचायचे असेल तर त्यात ५ सेंटिमीटर मिळवावेत. येणारे माप नव्या पट्ट्याच्या मधल्या भोकावर पडले पाहिजे. नेहमीच्या पट्ट्यांत भोके इंच-इंच अंतरावर असतात. जेवणाआधी आणि जेवणानंतर कमरेत पडणारा फरक त्यांना झेपत नाही. अर्ध्या इंचावर भोके असलेला पट्टा मिळाला तर जरूर घ्यावा, न मिळाल्यास चर्मकाराकडून मधली भोके पाडून घ्यावीत.

बकल घन पितळेचे किंवा स्टीलचे असावे. मुलामा दिलेले, ओतीव जस्ताचे बकल भाराखाली काट्याच्या मुळाशी तडकते. बकल स्क्रूने बसवलेले असेल, तर ते स्क्रू अधूनमधून आवळावे लागतात. शिवलेल्या किंवा रिव्हेट मारलेल्या बकलाला ही काळजी नाही.

आपल्याकडे पुष्कळ परवानाधारक कुर्ता-पायजमा वापरतात, आणि तिथे लूपच नसल्याने प्रश्न वेगळा होतो. पायजम्याच्या नाडीवर होल्स्टर खोचणे सरळसरळ धोक्याचे आहे. बसता-उठताना ते निसटून पडू शकते. पोटाभोवती गुंडाळायचे लवचिक पट्टेही मला फारसे भरवशाचे वाटत नाहीत, कारण त्यांतले बरेचसे शस्त्राच्या दाबाने सैल पडतात आणि बाहेर काढलेले शस्त्र एका हाताने परत ठेवता येत नाही. त्यापेक्षा कुर्त्याखाली पायजम्याऐवजी लूप असलेली सुती पँट शिवून घ्यावी. कुर्ता लांब असल्याने बाहेरून फरक दिसत नाही आणि नीट पट्टा लावता येतो.

बँकांच्या आणि रोकड वाहनांच्या सुरक्षारक्षकांकडे बहुधा बारा बोअरची बंदूक असते, आणि त्यांच्या कमरेवर काडतुसांचा पट्टा असतो. एक काडतूस ४० ते ५० ग्रॅमचे धरले, तर २५ काडतुसांचे वजन एक ते सव्वा किलो होते. शिवाय टॉर्च, किल्ल्यांचा जुडगा आणि वायरलेस सेट असतोच. एवढ्या साहित्यासाठी ५० मिलिमीटर रुंदीचा बाह्य पट्टा आणि आत पँटचा पट्टा अशी जोडी वापरावी, आणि दोन्ही पट्टे एकमेकांना छोट्या आडव्या पट्ट्यांनी बटण लावून बांधावेत. कठीण वस्तू पाठीच्या मणक्यावर कधीच येऊ देऊ नये. खुर्चीत किंवा वाहनात ती मणक्यात रुतते आणि पडल्यास गंभीर इजा होते. जड वस्तू दोन्ही बाजूंना वाटून लावावी. त्यानंतरही पट्टा घसरत असेल, तर खांद्यावरून तिरका पट्टा घेण्याचा जुना उपाय आजही खरा आहे. सॅम ब्राउन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५८ मध्ये उत्तर भारतातील लढाईत डावा हात गमावला, आणि एका हाताने तलवार सांभाळता यावी म्हणून त्याने वापरात आणलेला हा पट्टा आज पोलीस अधिकाऱ्यांच्या गणवेशावर दिसतो.

नवा पट्टा आणल्यावर शस्त्र पूर्ण रिकामे करून, चेंबर (काडतूस बसण्याची जागा) दोनदा तपासून, ते होल्स्टरमध्ये घालावे आणि घरातच काही तास वावरावे. जमिनीवर मांडी घालून बसावे, जिना चढावा, वाकून चप्पल घालावी, उभ्या असलेल्या दुचाकीवर बसून पाहावे. होल्स्टर जागचे हलले नाही आणि पट्टा कमरेला कुठे काचला नाही, तरच तो बाहेर वापरावा.

पावसाळ्यात कातड्यावर बुरशी धरते. भिजलेला पट्टा उन्हात किंवा गॅसजवळ न वाळवता पंख्याच्या हवेत आडवा पसरून वाळवावा आणि वाळल्यावर मेणयुक्त क्रीमचा हलका हात फिरवावा. तेल फार चोळू नये, त्याने कातडे मऊ पडते आणि ज्या ताठपणासाठी आपण पैसे मोजले तोच जातो. रात्री रिव्हॉल्व्हर कातडी होल्स्टरमध्ये ठेवू नये, कारण कातडे ओल धरून ठेवते आणि पोलादावर गंज चढतो. काडतुसेही कातडी कप्प्यांत दीर्घकाळ राहिली, तर पितळेवर हिरवट थर येतो.

महिन्यातून एकदा पट्टा उजेडात धरून भोके पाहावीत. भोक गोल न राहता लांबट झाले असेल, काठाची शिवण उसवली असेल किंवा होल्स्टरच्या जागी पट्ट्याला कायमचा बाक आला असेल, तर तो नुसत्या पँटसाठी ठेवावा आणि होल्स्टरसाठी नवा घ्यावा.