आईबाबांचं कर्ज आणि नादारीची तयारी: या चुका टाळा

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आईने तवशाच्या बिया एका लांब खाकी पाकिटात ठेवल्या होत्या. पाकीट एका बाजूने कात्रीने कापलेलं, वर रजिस्टर एडीचा शिक्का, आतला कागद घडीतच. तो कागद म्हणजे सरफेसी कायद्याच्या कलम १३(२)खालची बँकेची नोटीस. कर्ज थकलं की कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देतो, तो हा कायदा. नोटिशीतली पैसे भरायची साठ दिवसांची मुदत संपून तीन आठवडे झाले होते. "तुका कशाक सांगू? तुजे व्याप काय कमी आसत?" बाबा म्हणाले. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांची हजेरी घेतली, स्वतःच्या कर्जाची मात्र कधीच घेतली नाही.

मालवण तालुक्यातलं आमचं घर. २०१९ मध्ये पर्यटकांसाठी मागे दोन खोल्या काढल्या, त्यासाठी घर गहाण ठेवून कर्ज. मग टाळेबंदी. मग १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ. कौलं गेली, आंब्याची सोळा कलमं मुळासकट आडवी झाली. छप्परासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. आणि या सगळ्याच्या आधीपासून बाबा एका पुतण्याच्या होडीच्या कर्जाला पतसंस्थेत जामीन होते, हे मला त्या ट्रंकेने सांगितलं. शेवटी नादारीची, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असं कोर्टाकडून ठरवून घेण्याची, तयारी करावी लागली. त्यात आम्ही केलेल्या आणि थोडक्यात टळलेल्या चुका इथे लिहितो. क्रम महत्त्वाचा नाही, पहिली सोडून.

घर पोराच्या नावावर करून टाकणं

कर्ज थकलं की गावात पहिला सल्ला हाच मिळतो, आणि तो देणारा माणूस आपल्या भल्याचाच असतो. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, जोडीदाराला बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये. त्यामुळे मोह स्वस्तात पडतो. बाबांनी वकिलाकडून बक्षीसपत्राचा मसुदाही करून आणला होता.

जिल्ह्याच्या ठिकाणी सामान्य माणसाच्या नादारीला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागतो. त्याच्या कलम ५३ प्रमाणे, योग्य मोबदला न घेता मालमत्ता दुसऱ्याला दिली आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज होऊन माणूस नादार ठरला, तर ते हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं. घर वाचत नाही, वर अर्जदाराची नियत संशयात येते. मालमत्ता लपवल्याचं सिद्ध झालं तर कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैद. सामाईक सातबाऱ्यावर हक्कसोड करून भावाच्या नावे हिस्सा वळवणं, कलमांची बाग "तात्पुरती" मेव्हण्याला लिहून देणं, हे सगळं याच पिशवीतलं. आमचा मसुदा अजून ट्रंकेत आहे, बिनसहीचा. काही हलवायचा विचार असेल तर तो वकिलाच्या टेबलावर मांडा, निबंधक कार्यालयाच्या रांगेत नव्हे.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे आधी मावशीचे पैसे परत करणं. बँक परकी, मावशी आपली, म्हणून बागेचे आलेले पैसे गुपचूप तिला देतात. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एका घेणेकऱ्याला झुकतं माप देण्यासाठी केलेलं पेमेंट कलम ५४ खाली उलटवता येतं, आणि मग मावशीलाच कोर्टाचा कागद जातो. मावशीने त्यानंतर तुमच्याकडे हळदीकुंकवाला यावं अशी अपेक्षा ठेवू नका.

महिन्याचं बजेट मांडणं

हे विचित्र वाटेल, पण कोकणात महिन्याचं बजेट ही चूकच आहे. आमच्याकडे पेन्शन सोडली तर काहीच महिन्याने येत नाही. हापूसचे पैसे एप्रिल-मेमध्ये, काजूचे त्याच्या जरा आधी, खोल्यांचं भाडं दिवाळी आणि मे महिन्यात. खर्चही तसाच: जूनच्या आधी कौलं शाकारणं, पावसाळ्याची बेगमी, सुकी मासळी, सरपण, मग गणपती. मासेमारी करणाऱ्या घरात १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीत, यांत्रिक होडी किनाऱ्यावरच. मी मुंबईतून फोनवर तक्ता करून पाठवला होता, त्यात जूनमध्ये घर "शिल्लक" दाखवत होतं. ती शिल्लक मेची होती आणि तिला चतुर्थीपर्यंत पुरायचं होतं.

आम्ही मग वहीत बारा नव्हे, चार रकाने केले: आंबा, पाऊस, गणपती-दिवाळी, थंडी. आधी मात्र दरमहाचं जे नक्की जातं ते काढलं. पेन्शन ३१,०००. त्यातून घराचा हप्ता १७,४००, सोनेतारणाचं व्याज २,१००, दोघांची औषधं ३,८००. आणि पिग्मी १,५००! पिग्मीवाला रोज पन्नास रुपये घेऊन जात होता आणि त्याच पतसंस्थेत जामिनकीची थकबाकी चौदा टक्क्यांनी वाढत होती. विचारलं तर बाबा म्हणाले, तो बिचारा रोज सायकलवरून येतो. हातात उरत होते ६,२००. त्यात दोन माणसं, वीज, गॅस, देवस्थानची वर्गणी, भजनी मंडळ.

पिग्मी बंद झाली. औषधांपैकी जी जन औषधी दुकानात मिळाली ती तिथून सुरू केली. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान योजनेत उत्पन्न न बघता वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, तरी गेल्या वर्षी मोतीबिंदूसाठी उसने घेण्याची तयारी चालली होती. कार्ड काढलेलंच नव्हतं. वर्गणी मात्र मी कापली नाही. गावात राहायचं तर ती वर्गणी म्हणजे खर्च नव्हे, हे मला मान्य आहे. गणपतीत आम्हा चाकरमान्यांचा खर्च आईबाबांच्या डोक्यावर पडायचा, तो आम्ही घेतला. घरात पंधरा माणसं अकरा दिवस जेवतात आणि सिलिंडर कोणाच्या पैशाचा, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

एकाच नावाने अर्ज करणं

गृहकर्जाच्या कागदांवर आईची सही सहकर्जदार म्हणून आहे का, हे आधी बघा. बहुतेक वेळा असते. बाबा नादारीतून मुक्त झाले तरी त्यांच्यासोबत बांधलेला सहकर्जदार किंवा जामीनदार मुक्त होत नाही. नादारी कायद्याचं कलम ४४ हे स्पष्ट सांगतं. मग वसुलीवाला आईच्या दारात. हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी: पुतण्या हात वर करून मोकळा झाला तरी जामीन राहिलेले बाबा मोकळे होत नाहीत.

नादारीने गहाणवटही सुटत नाही. घर बँकेकडे गहाण असेल, सोनं तारण असेल, तर त्या घेणेकऱ्याचा तारणावरचा हक्क कायम राहतो. नादारी मुख्यतः बिनतारणी देण्यांसाठी उपयोगी: जामिनकी, हातउसने, वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड. सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि कोर्टाने ठरवलेली पोटगी तिच्यात माफ होत नाही. चेक न वटल्याची १३८ ची केस तर वेगळीच, फौजदारी. हल्ली खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत आला तरी तशीच केस होऊ शकते. म्हणून हप्ता जमणार नाही हे माहीत असताना कोरे चेक सही करून देणं थांबवा.

वाचतं काय, हे न विचारता घाबरणं

आईला वाटत होतं की भांडीकुंडीही उचलून नेतील. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे जे दागिने बाईला काढता येत नाहीत ते, आणि शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं जप्तीबाहेर आहे. सरकारी पेन्शन आणि पीपीएफही. पेन्शनचे पैसे खात्यात येऊन मुदत ठेवीत गेले तरी त्यांचं संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं आहे. तरीही ज्या बँकेत कर्ज थकलंय तिथेच पेन्शन येऊ देणं शहाणपणाचं नाही. रक्कम हप्त्यात वळती झाली की ती परत मागण्यात वर्ष जातं. पेन्शन खातं दुसऱ्या बँकेत हलवायला रीतसर अर्ज करता येतो, आणि ते लपवणं नव्हे, कारण नादारीच्या अर्जासोबतच्या यादीत ते खातं लिहायचंच आहे. पेन्शनचं एटीएम कार्ड सावकाराकडे ठेवलं असेल तर आजच बँकेत जाऊन ते बंद करा.

आईचं स्त्रीधन वेगळं लिहा. ती कर्जदार नसेल तर तिची मालमत्ता बाबांच्या देण्याला लागत नाही, पण लग्नातलं काय आणि नंतर बाबांच्या पैशातून घेतलेलं काय, हे तिला आता आठवतंय तोवर लिहून घ्या. आमची आई एका पाटलीपाशी थांबली आणि अर्धा तास तिच्या आईबद्दल बोलत राहिली. त्या दिवशी यादी तेवढ्यावरच राहिली.

पैसे नाहीत म्हणून कोणी म्हाताऱ्या माणसाला सरळ तुरुंगात टाकत नाही. निव्वळ ऐपत नाही एवढ्या कारणावर दिवाणी कैद करता येणार नाही, हा १९८० चा निकाल आहे, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटकच होत नाही. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना बंधन आहे. फोन आला तर तारीख-वेळ वहीत लिहा. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पतसंस्थेचा रस्ता मात्र वेगळा. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते, त्यामुळे तिथे निबंधकांच्या सुनावणीला हजर राहणं हाच मार्ग. बाबांनी ती तारीख चुकवली होती. त्या दिवशी गावात दशावतार होता.

मुलांनी सही करणं

हा भाग मी स्वतःसाठी लिहितोय. मला एकाने फोनवर सांगितलं, वडिलांचं कर्ज मुलाला फेडावंच लागतं, तुम्ही एवढ्या हमीपत्रावर सही करा. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर निव्वळ मुलगा म्हणून धर्माने येणारं ते ओझं उरलेलं नाही. वडिलांच्या मागे जी मालमत्ता मिळेल तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी. सही केली तर मात्र ते माझं कर्ज. मी त्या वेळी स्वतः वैयक्तिक कर्ज काढून घराचे हप्ते भरत होतो, आठ महिने. ते आठ हप्ते व्याजातच गेले, आणि माझ्या मुलीची फी उशिरा भरली गेली ते वेगळंच.

बाबांनाही जुन्या कर्जाच्या "बाकी कबुली"वर सही करायला सांगतात. वसुलीचा दावा करायची मुदत संपायच्या आत अशी सही झाली की त्या मुदतीची तीन वर्षं नव्याने मोजायला सुरुवात होते. वकिलाला दाखवल्याशिवाय ती करू नका.

इंटरनेटवरचा कायदा आणि ओरोसचं कोर्ट

नेटवर २०१६ च्या नादारी संहितेबद्दल भरपूर सापडतं. मीही एका रात्री सगळं वाचून काढलं. तिचा व्यक्तींबद्दलचा भाग सध्या फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे, १ डिसेंबर २०१९ पासून. होडीच्या जामीनदाराला नाही. आपला अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे सिंधुदुर्गकरांचा ओरोसला. कर्जदाराला स्वतः अर्ज करायचा तर देणं किमान ५०० रुपये हवं, असं कायदा म्हणतो. रक्कम १९२० चीच आहे. तालुक्यातल्या वकिलाने असा अर्ज कधी केलेला नसेल तर त्याला दोष देऊ नका, पण आधी विचारा. आईला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, बाई म्हणून. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट, त्यामुळे बाबांची ओरोसची खेप तरी फुकट झाली.

अर्जासोबत सगळी देणी आणि सगळी मालमत्ता. सामाईक सातबाऱ्यावरचा आठवा हिस्सासुद्धा, बंद पडलेल्या पोस्टाच्या खात्यासकट. नादार ठरल्यावर ठरावीक मुदतीत मुक्ततेचा, म्हणजे देण्यांतून सुटका मागणारा, अर्ज करावा लागतो. तो विसरला तर नादारीचा हुकूमच रद्द होतो आणि सगळं परत पहिल्यापासून. मुक्तता मिळेपर्यंत आलेला वारसाही कोर्टाच्या ताब्यात जातो. आणि या काळात आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची जरी उधारी केली तरी तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे वाण्याकडचं वहीवरचं सामान बंद. बाबांना सगळ्यात जास्त लागलं ते हे. चाळीस वर्षांची वही होती ती.

आमचा अर्ज लिहून तयार आहे, दाखल केलेला नाही. देण्यांची पूर्ण यादी आणि चार रकान्यांची ती वही घेऊन आम्ही बँकेत बसलो, तेव्हा पहिल्यांदा एकरकमी तडजोडीचं बोलणं निघालं. मागच्या दोन खोल्या भाड्याने देऊन आणि सोनं सोडवण्याऐवजी विकून ती रक्कम जमते आहे. तडजोडीचं पत्र लेखी हातात आल्याशिवाय एक रुपया भरलेला नाही. पुतण्याच्या जामिनकीचं अजून चालू आहे. ते नाही जुळलं तर अर्ज ओरोसला जाईल.

पोस्टमन आला की बाबा आता पाकीट खळ्यातच उभ्याने फोडतात आणि फोटो काढून मला पाठवतात, बरेचदा उलटा. तवशाच्या बिया हॉर्लिक्सच्या बाटलीत गेल्या.