मेंदेस फ्रान्स आणि त्यांचं मंत्रिमंडळ: वाचताना-लिहिताना या चुका टाळा

१८ जून १९५४ ते ५ फेब्रुवारी १९५५. प्येर मेंदेस फ्रान्स पंतप्रधान होते ते एवढेच, साडेसात महिने. त्या साडेसात महिन्यांत हिंदी चीनमधलं (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया या फ्रेंच ताब्यातल्या प्रदेशातलं) युद्ध थांबलं, ट्युनिशियाला अंतर्गत स्वायत्ततेचा शब्द मिळाला, युरोपच्या सामायिक सैन्याची योजना बुडाली, पाँडिचेरी भारताच्या हाती आली आणि अल्जीरिया पेटला. एवढं सगळं इतक्या थोड्या जागेत दाटलेलं असल्यामुळे स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत आणि पाँडिचेरीवरच्या लेखांत तारखा, आकडे, माणसं एकमेकांत मिसळतात. या काळाचं वाचन मी बरीच वर्षं करतो आहे. माझं ठाम मत असं की हे सरकार समजून घ्यायचं तर फ्रेंच संसदेतली मतमोजणी डोळ्यांसमोर हवी. ती नजरेआड झाली की चुकांना सुरुवात होते.

नाव आणि पद

‘मेंदेस फ्रान्स’ हे अख्खं आडनाव आहे. मुळात पोर्तुगालहून आलेल्या सेफार्दी ज्यू घराण्याचं. ‘फ्रान्सचे मेंदेस’ असा अर्थ लावू नका, आणि सूची करताना नाव ‘फ’खाली टाकू नका.

पदाचा घोटाळा याहून मोठा. त्यांच्या पदाचं फ्रेंच नाव ‘मंत्रिपरिषदेचे अध्यक्ष’ असं होतं, त्यामुळे ‘प्रेसिदाँ’ हा शब्द दिसताच काही जण त्यांना राष्ट्राध्यक्ष करून टाकतात. राष्ट्राध्यक्ष तेव्हा रने कोती होते. मराठीत सरळ ‘पंतप्रधान’ लिहावं.

गोष्ट १९५४ पासून सुरू करणं

बहुतेक टिपणं दिएन बिएन फू इथे व्हिएतनाममध्ये झालेल्या फ्रेंच सैन्याच्या पराभवानं सुरू होतात आणि मेंदेस फ्रान्स जणू आभाळातून पडतात. प्रत्यक्षात १९३२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते रॅडिकल पक्षातर्फे खासदार झाले होते. १९३८ मध्ये लेओं ब्लुम यांच्या दुसऱ्या मंत्रिमंडळात ते कोषागाराचे उपमंत्री होते. १९४० मध्ये जर्मनीपुढे नमलेल्या व्हिशी राजवटीनं त्यांना पकडलं आणि लष्करातून पळून गेल्याचा खोटा ठपका ठेवून सहा वर्षांची शिक्षा दिली. १९४१ च्या जूनमध्ये ते तुरुंगातून निसटले, लंडन गाठलं आणि ‘लोरेन’ बॉम्बफेकी गटातून लढले. १९४४ मध्ये युद्धोत्तर जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या ब्रेटन वुड्स परिषदेत फ्रेंच शिष्टमंडळाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं.

यातली एक घटना मात्र कधीच गाळू नये. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यातून सुटल्यानंतरच्या द गोल यांच्या सरकारात ते राष्ट्रीय अर्थव्यवस्थेचे मंत्री होते. युद्धकाळात फुगलेला पैसा कडक उपायांनी आटवायचा, असा त्यांचा आग्रह. अर्थमंत्री रने प्लेव्हन यांना ते नको होतं. द गोल यांनी प्लेव्हन यांची बाजू घेतली आणि एप्रिल १९४५ मध्ये मेंदेस फ्रान्स बाहेर पडले. त्यानंतर नऊ वर्षं ते एकाही मंत्रिमंडळात नव्हते. जून १९५३ मध्ये पंतप्रधानपद केवळ १३ मतांनी हुकलं. १९५४ मध्ये हा माणूस संसदेपुढे जाऊन ‘अमुक तारखेपर्यंत हिंदी चीनमधली युद्धबंदी जमली नाही तर मी जातो’ असं म्हणतो, आणि सभागृह ते खरं मानतं. कारण तो खरोखर गेलेला सभागृहानं पाहिलेला होता.

‘अल्पायुषी सरकार’ हे लेबल

चौथं प्रजासत्ताक १९४६ ते १९५८ इतकंच टिकलं आणि तेवढ्यात वीसहून अधिक मंत्रिमंडळं आली नि गेली. सर्वांत दीर्घ टिकलं ते गी मोले यांचं, तेही साधारण सोळा महिने. त्या मापानं साडेसात महिने मुळीच कमी नाहीत. आपल्याकडच्या पाच वर्षांच्या मुदतीची फूटपट्टी इथे चालत नाही.

४१९ मतं: आकडा बरोबर, अर्थ चुकीचा

१७-१८ जूनच्या रात्री त्यांना ४१९ मतं मिळाली. विरोधात ४७, तटस्थ १४३. यावरून ‘प्रचंड पाठिंब्याचं सरकार’ असं लिहिलं जातं. त्या ४१९ मध्ये कम्युनिस्टांची मतं होती, आणि ती आपण मोजणार नाही हे मेंदेस फ्रान्स यांनी आधीच जाहीर केलं होतं. फ्रेंच सैनिक ज्यांच्याशी लढत होते त्या व्हिएत मिन्हच्या बाजूनं हा पक्ष उघडपणे उभा होता. वाटाघाटीला बसणाऱ्या पंतप्रधानाचं बहुमत त्याच्यावर अवलंबून असतं तर जिनिव्हात चाललेल्या हिंदी चीनविषयक शांतता परिषदेत त्यांच्या शब्दाला वजन राहिलं नसतं. ती मतं वगळूनही आवश्यक ३१४ चा आकडा ओलांडला गेला, पण निसटता. म्हणजे पाया पहिल्या दिवसापासून अरुंद होता. समाजवाद्यांनी मतं दिली पण मंत्रिपदं घेतली नाहीत. ख्रिस्ती लोकशाहीवादी एमआरपी पक्षाचा मोठा भाग तटस्थ राहिला. त्या पक्षातले रोबेर ब्युरों यांच्यासारखे जे मंत्रिमंडळात गेले, त्यांना पक्षानं बाहेर काढलं.

म्हणूनच ‘मेंदेस फ्रान्स यांचं समाजवादी सरकार’ हा उल्लेख चूक आहे. ते स्वतः रॅडिकल होते, आणि फ्रान्समध्ये तेव्हा ‘रॅडिकल’ म्हणजे जहाल नव्हे; छोट्या गावांतल्या वकील-डॉक्टर-शिक्षकांचा तो जुना मध्यममार्गी पक्ष. परराष्ट्र खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. अर्थखातं एदगार फोर यांच्याकडे, गृहखातं सदतीस वर्षांच्या फ्राँस्वा मितराँ यांच्याकडे, संरक्षण जनरल क्वेनिग यांच्याकडे. क्वेनिग आणि सार्वजनिक बांधकाममंत्री शाबाँ-देल्मास हे द गोल यांचे अनुयायी. अशी मोट बांधली की एखाद्या प्रश्नावर ती सुटणार हे उघड होतं. ती सुटली युरोपच्या सैन्यावरून. युरोपीय संरक्षण समुदायाच्या करारात तडजोड सुचवताच ऑगस्टमध्ये द गोलवादी मंत्री बाहेर पडले. ३० ऑगस्टला संसदेनं करार ३१९ विरुद्ध २६४ मतांनी बाजूला सारला, तेव्हा कराराचे समर्थक मंत्रीही गेले. त्या मतदानात सरकार तटस्थ होतं. ‘मेंदेस फ्रान्स यांनी करार हाणून पाडला’ हा त्यांच्या विरोधकांचा आरोप आहे. तो वस्तुस्थिती म्हणून उतरवू नका.

जिनिव्हा: सही कोणाची?

‘मेंदेस फ्रान्स यांनी जिनिव्हा करारावर सही केली’ हे वाक्य मी कितीतरी ठिकाणी वाचलं आहे. ते चूक आहे. व्हिएतनामच्या युद्धबंदीवर दोन्ही सैन्यांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या: फ्रान्सकडून जनरल देल्तेय, व्हिएत मिन्हकडून ता क्वांग ब्युउ. परिषदेचं अंतिम जाहीरनामापत्र तर कोणाच्याच सहीचं नाही. पुढे अमेरिका आणि दक्षिण व्हिएतनाम ‘आम्ही बांधील नाही’ म्हणू शकले, त्याचं मूळ इथे आहे. जुलै १९५६ पर्यंत निवडणुका घेण्याचं कलम त्याच सहीविना कागदात होतं, आणि त्या निवडणुका झाल्याच नाहीत.

तारखेचंही तसंच. त्यांनी दिलेली मुदत २० जुलैची. सह्या प्रत्यक्षात मध्यरात्र उलटल्यावर, २१ तारखेच्या पहाटे झाल्या. कंबोडियाच्या युद्धबंदीचं काम त्याही नंतर उरकलं. कागदांवर तारीख २० जुलैच आहे. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या तर त्यातलं एक चूक आहे असं समजून खोडाखोड करू नका. ‘२०-२१ जुलैची रात्र’ असं लिहा.

भारतीय वाचकासाठी एक जोड महत्त्वाची. भारत परिषदेचा सदस्य नव्हता, तरी व्ही. के. कृष्ण मेनन तिथे पडद्यामागे अखंड गाठीभेटी घेत होते, आणि युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं. सोबत कॅनडा आणि पोलंड.

पाँडिचेरी: दोन तारखा, दोन अर्थ

इथली चूक आपल्याला सर्वांत जवळची. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी कीळूर इथे लोकप्रतिनिधींनी मतदान केलं, १७८ पैकी १७० विलीनीकरणाच्या बाजूनं. २१ तारखेला दिल्लीत करार झाला आणि १ नोव्हेंबरला पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम यांचा कारभार भारताकडे आला. हे झालं प्रत्यक्ष हस्तांतर. कायदेशीर हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ चं: १९५६ मध्ये तहावर सह्या झाल्या, पण फ्रेंच संसदेची मंजुरी १९६२ मध्ये आली. म्हणून ‘१९५४ की १९६२’ या प्रश्नाला एक उत्तर नाही; कोणतं हस्तांतर ते आधी विचारा. बंगालमधलं फ्रेंच ठाणं चंद्रनगर या यादीत घालू नका, ते आधीच स्वतंत्रपणे भारतात आलं होतं.

कीळूरच्या मतदानाचं कारणही समजून घ्यायला हवं. लोकांच्या संमतीशिवाय प्रदेश सोडता येत नाही, अशी फ्रेंच राज्यघटनेची अट होती. आधीची सरकारं सार्वमताचा हट्ट धरून बसली. मेंदेस फ्रान्स यांच्या सरकारनं प्रतिनिधींचं मतदान ही संमती मानली. मात्र सगळं श्रेय पॅरिसला देणं अन्याय होईल. यानम आणि माहेमधून फ्रेंच प्रशासन त्याआधीच, १९५४ च्या जून-जुलैमध्ये, स्थानिक आंदोलनामुळे निघून गेलं होतं. त्याच जुलै-ऑगस्टमध्ये गोमंतकीय आणि महाराष्ट्रातले स्वयंसेवक दादरा आणि नगर हवेली मुक्त करत होते. पण ते प्रदेश पोर्तुगालचे; लिस्बनमध्ये हुकूमशहा सालाझार होता, आणि तिथे सरकार बदलू शकणारी संसदच नव्हती. गोव्याला १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावं लागलं.

‘वसाहती मुक्त करणारा नेता’

हे बिरुद अर्धंच खरं आहे. पाँडिचेरीचा कारभार भारताकडे आला त्याच दिवशी, १ नोव्हेंबर १९५४ ला, अल्जीरियात उठाव सुरू झाला. १२ नोव्हेंबरला मेंदेस फ्रान्स यांनी संसदेत सांगितलं की अल्जीरियाचे जिल्हे हा फ्रेंच प्रजासत्ताकाचाच भाग आहे आणि तो तोडण्याची कल्पनाही करता येत नाही. मितराँ यांची भाषा तीच होती. सैन्याच्या जादा तुकड्या रवाना झाल्या. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हा भाग झाकू नये असं वाटतं. ट्युनिशिया संरक्षित राज्य होतं, अल्जीरिया त्यांच्या लेखी फ्रान्स होता. हा फरक त्या काळच्या जवळजवळ सगळ्या फ्रेंच नेत्यांच्या डोक्यात पक्का होता.

दोन ३१९

युरोपच्या सैन्याचा करार ३१९ विरुद्ध २६४ नं गेला, हे वर आलंच. ५ फेब्रुवारी १९५५ ला उत्तर आफ्रिकेवरच्या चर्चेत सरकार पडलं ते ३१९ विरुद्ध २७३ मतांनी. पहिला आकडा सारखाच असल्यानं या दोन घटना हमखास एकमेकींत घुसतात आणि ‘युरोपीय सैन्याच्या प्रश्नावर सरकार पडलं’ असं लिहिलं जातं. शेजारी दुसरा आकडा आणि तारीख लिहून ठेवा, गोंधळ होणार नाही. पाडणाऱ्यांत पुढे होते रने मायेर: मेंदेस फ्रान्स यांच्याच पक्षाचे, अल्जीरियातल्या कॉन्स्टंटिनचे खासदार. निकालानंतर पायंडा मोडून मेंदेस फ्रान्स पुन्हा व्यासपीठावर चढले, पण आरडाओरड्यात त्यांना बोलू दिलं गेलं नाही.

या दुसऱ्या ३१९ ला आणखी एक महत्त्व आहे. तो ३१४ च्या वर होता, म्हणजे राज्यघटनेच्या अर्थानं ‘पूर्ण बहुमतानं पाडलेलं’ सरकार. अठरा महिन्यांत असे दोन पाडाव झाले तर संसद बरखास्त करता येत असे. त्यांच्या जागी आलेले एदगार फोर २९ नोव्हेंबरला ३१८ मतांनी पडले आणि त्यांनी लगेच, २ डिसेंबर १९५५ ला, संसद बरखास्त केली. २ जानेवारी १९५६ ला निवडणुका झाल्या, आणि मेंदेस फ्रान्स गी मोले यांच्या मंत्रिमंडळात बिनखात्याचे मंत्री झाले. २३ मे १९५६ ला त्यांनी राजीनामा दिला. कारण अल्जीरिया.