पात्र खेळाडूचं, जग जीएमचं

टेबलटॉप रोलप्लेइंगकडे, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन गोष्ट रचण्याच्या खेळाकडे, नव्याने वळलेली मंडळी नियमांना घाबरतात. वीस बाजूंचा फासा कधी टाकायचा, कॅरेक्टर शीटवर कुठला आकडा कुठे लिहायचा, ही धास्ती दोन-तीन सेशनमध्ये जाते. टेबलं, म्हणजे खेळणाऱ्यांचे गट, मोडतात ते वेगळ्याच कारणानं. कुठली गोष्ट कोणी ठरवायची, हे कोणी कधी बोललेलंच नसतं. मी पुण्यात डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा खेळ खेळवते आणि दुसऱ्यांच्या टेबलावर खेळतेही, म्हणून नव्या माणसाला नियमांच्या आधी हेच सांगते.

आपलं पात्र काय करू बघतं, काय बोलतं, त्याच्या मनात काय चाललंय, हे खेळाडूचं. त्यातून पुढे काय घडतं, ते जीएमचं, म्हणजे खेळातलं जग चालवणाऱ्या गेम मास्टरचं. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमपुस्तकातही खेळाचा क्रम हाच आहे: जीएम परिस्थिती सांगतो, खेळाडू आपण काय करणार ते सांगतात, जीएम परिणाम सांगतो. वाचताना सोपं वाटतं. टेबलावर मात्र असं होतं. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, गावाच्या वेशीवर आलीय, पहारेकरी आत सोडत नाही. एक खेळाडू न विचारताच फासा टाकून जीएमला म्हणतो:

"मी पटवतो त्याला. हे बघ, अठरा पडले!"

"फासा नंतर. काय सांगून पटवतोस?"

"माझी बहीण आत आजारी आहे म्हणून सांगतो."

"दरडावून की गयावया करत?"

"गयावयाच. गुडघ्यावर बसतो."

"मग आता टाक. पंधरा लागतील."

न विचारता टाकलेला फासा जीएमचा निर्णय परस्पर घेऊन टाकतो. कदाचित ही विनंती ऐकून पहारेकरी तसाच सोडणार असेल आणि फाशाची गरजच नसेल. कदाचित त्याला तुम्हालाच अडवायचे पैसे मिळालेले असतील, मग कितीही पडोत, उपयोग नाही. वीस आला की काहीही जमतं, ही समजूतही सोडून द्या. पाचव्या आवृत्तीत वीसवर हमखास यश मिळतं ते हल्ल्याच्या फाशाला, कौशल्याच्या नाही.

आता उलट बाजू. फासा पडला नऊ. "तू ततपप करतोस, सगळे तुला हसतात," असं जीएमनं सांगितलं, तर त्यानं खेळाडूचं पात्र हातात घेतलं. चार सेशन झटून उभी केलेली धीट, बोलघेवडी व्यक्ती एका वाक्यात बावळट झाली. अपयश जगाकडून यायला हवं: पहारेकऱ्याला दया येतेय, तो बाजूलाही होतोय, तेवढ्यात त्याचा वरिष्ठ मागे येऊन उभा राहतो. पात्र होतं तसंच राहिलं आणि अडचणही आली. जीएम होऊ बघणाऱ्यांनी सगळ्यात आधी याचा सराव करावा.

पात्राच्या मनावर जीएमला काहीच हक्क नाही असंही नाही, पण तो नियमानं मोजून दिलेला असतो. ड्रॅगनच्या दर्शनानं पात्र 'फ्रायटन्ड' (भेदरलेलं) झालं, तर ड्रॅगन नजरेसमोर असेपर्यंत त्याच्या हल्ल्यांना आणि कौशल्यांना डिसअॅडव्हांटेज बसतो (दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा) आणि ते आपणहून त्याच्या जवळ जाऊ शकत नाही. बस, एवढंच. ते रडतं, देवाचं नाव घेतं की दात खाऊन उभं राहतं, हे खेळाडूनं सांगायचं.

खेळ बदलला की ही रेघही सरकते. 'कॉल ऑफ क्थुलू'च्या सातव्या आवृत्तीत वेडाचा झटका आलेलं पात्र जीएम काही काळ स्वतः चालवू शकतो. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये जीएम फासे टाकतच नाही. तिथे एका खेळाडूनं दुसऱ्याच्या पात्राला भुलवायचा प्रयत्न केला, तर फासा फक्त आमिष किंवा दडपण उभं करतो, हो की नाही हे समोरचा खेळाडूच ठरवतो. ही पद्धत मी डी अँड डीमध्येही वापरते. कोणी सोबत्याच्या थैलीत हात घातला, की ती थैली ज्याची, तोच निकाल सांगतो. चोर-पात्रांच्या हौशीपायी होणारी भांडणं त्यानं खूप कमी झाली.

दुसरी सीमा पात्रांची नाही, माणसांची. तिची जागा सेशन झीरोत, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बोलण्याच्या बैठकीत. गेम डिझायनर रॉन एडवर्ड्स यांची 'लाइन्स अँड व्हेइल्स' ही पद्धत त्यासाठी चांगली: काही विषय खेळात येणारच नाहीत, काही आले तर पडद्याआड, वर्णन न करता. २०१३ मध्ये जॉन स्टाव्हरोपोलस यांनी एक्स-कार्ड आणलं. टेबलाच्या मध्ये एक कार्ड ठेवायचं. कोणी त्याला हात लावला की चालू प्रसंग तिथेच बदलायचा, कारण विचारायचं नाही. कारण न विचारणं हाच त्यातला जीव आहे.

टाळायच्या विषयांच्या इंग्रजी याद्यांमध्ये कोळी, रक्त, लहान मुलांचा मृत्यू हे सापडतं. आपल्या टेबलावर त्यात भर घालावी लागते. गावचा जमीनदार रंगवताना जीएमच्या तोंडून जातीवरून शिवी गेली, तर ती "पात्राची भाषा" म्हणून सोडून देता येत नाही. समोर बसलेल्या कुणी ती शाळेत ऐकलेली असू शकते. दंगल, हुंडा, घरातली मारहाण, यांबद्दलही आधीच विचारा. चारचौघांत बोलायला संकोच वाटतो, म्हणून मी प्रत्येकाला वेगळा मेसेज करते आणि नंतर नावं न घेता एकच यादी ग्रुपवर टाकते.

नियमावरून वाद झाला, तर सेशनपुरता जीएमचा शब्द शेवटचा. पुस्तक नंतर उघडायचं. पण जीएम म्हणजे चोवीस तास उघडं दुकान नव्हे. लेव्हल वाढल्यावर कुठला स्पेल (मंत्र) घेऊ, हे रात्री साडेअकराला विचारू नका. आपले स्पेल आपण वाचून यावं.

आणि गैरहजर खेळाडूच्या पात्राचं काय, हे पहिल्याच दिवशी ठरवा. माझ्याकडे ते गोष्टीतल्या सरायमध्ये थांबतं. त्याला कोणी चालवत नाही, मारत नाही, त्याच्या नावावर कर्ज काढत नाही. कोणी कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, कायमचं सोडलं तर पात्र कथेत ठेवायचं की नाही, हे मी जाणाऱ्यालाच विचारते, आणि तो नाही म्हणाला तर ते पात्र पुढच्या सेशनपासून कथेत नसतं.