ट्रकचा सेल्फ लागत नाही? जंपर जोडण्याआधी आवाज ऐका

चावी मारली आणि इंजिन फिरलं नाही की पहिला संशय बॅटरीवर जातो. किनारपट्टीवर तो बऱ्याचदा चुकतो. हर्णै, मिरकरवाडा अशा बंदरांत मासळी भरणाऱ्या गाड्यांच्या टर्मिनलांवर आणि अर्थिंगच्या (बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या लोखंडाला जोडणाऱ्या) पट्टीवर खाऱ्या हवेने हिरवट-पांढरा थर चढतो. मग बॅटरी भरलेली असली तरी सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरपर्यंत, पुरेसा करंट पोचत नाही.

हेडलाइट लावून चावी मारा. दिवे मंदावले आणि ‘कट-कट-कट’ झालं, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे तसेच राहून एकच ‘टक’ आला, तर सोलेनॉइडचे (सेल्फला करंट देणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे ब्रश गेलेले असू शकतात. सेल्फ नुसताच गरगरला, तर पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) इंजिनच्या चाकाचे दात पकडत नाही. या शेवटच्या दोन दुखण्यांवर जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घेणारी केबल) लावणं म्हणजे वेळ घालवणं. सेल्फ उतरवावाच लागतो.

मीटर असेल तर मोठ्या ट्रकच्या दोन बॅटऱ्यांचं मिळून सुमारे २५.२ व्होल्ट दिसायला हवं. २४ च्या खाली गेलं की बॅटरी उतरली समजा. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर अर्थिंग खराब. निगेटिव्ह आधी सोडा, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून तारेच्या ब्रशने घासा, पुसा, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

बॅटरीच उतरली असेल, तरच जंपर. मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट असतात. मदतीची गाडीही २४ चीच हवी, कार नको. कारची बारीक केबलही नको, ती तापून वितळते. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड. (काळा दगड घ्या, जांभ्याचा चिरा भाराखाली चुरतो.)

लाल चिमटा आपल्या बॅटऱ्यांच्या जोडीच्या मोकळ्या (मधल्या पट्टीला न जोडलेल्या) पॉझिटिव्हला, त्याचं दुसरं टोक मदतीच्या गाडीच्या पॉझिटिव्हला. काळा तिच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो; शेवटच्या जोडणीची ठिणगी तिथे पडता कामा नये. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीला चिमटा लावू नका, घाईत हीच चूक होते.

मदतीची गाडी दहा मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदच, मध्ये दोन मिनिटं थांबा, नाहीतर सेल्फची वाइंडिंग जळते. इंजिन लागलं की चिमटे उलट्या क्रमाने काढा आणि पुन्हा मीटर लावा. २७.५ ते २८.५ व्होल्ट आलं तर चार्जिंग ठीक. २५ वरच अडकलं, तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे. गाडी बंद न करता वायरमन गाठा.

सोलेनॉइडवर पाना टेकवून गाडी चालू करण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. गिअर पडलेला राहिला, तर ट्रक खाली बसलेल्या माणसावरून जातो. कशेडी किंवा आंबा घाटाच्या उतारावर गाडी सोडून चालू करणंही तसलंच: इंजिन बंद असताना एअरब्रेकच्या टाकीत नवी हवा भरत नाही आणि स्टिअरिंग जड होतं.

निघताना चाकाखालचा दगड रस्त्याबाहेर टाका. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो दिसत नाही.