भाषणाची भीती मोजायची कशी?

वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी सकाळी यादीतली नावं गळायला लागतात. कोणाचा घसा बसलेला असतो, कोणाची धडगावहून येणारी एसटी चुकलेली असते. खरं कारण सगळ्यांना ठाऊक असतं. पण भीती किती आणि नेमकी कशाची, हे मोजल्याशिवाय कळत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजात शिकवणाऱ्या कोणालाही हे जमेल.

नवी प्रश्नावली रचत बसू नका. अमेरिकेतल्या जेम्स मॅक्रॉस्की यांनी १९७० साली केलेली ३४ विधानांची प्रश्नावली, ‘पीआरपीएसए’ (पर्सनल रिपोर्ट ऑफ पब्लिक स्पीकिंग अँग्झायटी), आजही वापरात आहे. प्रत्येक विधानाला १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं) यांपैकी एक आकडा द्यायचा.

खरी मेहनत भाषांतरात आहे. एकाने मराठी करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावं, मग दोन्ही ताडून पाहावं. ‘मला भीती वाटत नाही’ असं विधान ठेवलंत, की ‘पटत नाही’वर खूण करताना पोरं हमखास गोंधळतात. त्यापेक्षा ‘बोलताना मला निवांत वाटतं’ बरं. ‘घाबरतो/घाबरते’ची तिरकी रेघही टाळता येते: ‘मला घाम फुटतो’ मुलामुली दोघांना चालतं. छापण्याआधी पाच-सहा जणांकडून मोठ्याने वाचून घ्या. जिथे अडखळतील, तिथे शब्द बदला.

कागदावर नाव नको, हजेरी क्रमांक तर नकोच. पहिल्या वेळी मी तो मागितला आणि अख्खा वर्ग शूर निघाला. त्यातलीच एक मुलगी आठवड्याने बोलायला उभी राहिली, तेव्हा तिच्या हातातल्या कागदाची फडफड माइकमधून शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत होती. आता प्रत्येकाला स्वतःच निवडलेली खूण लिहायला सांगतो आणि भरायचं की नाही हे त्यांच्यावर सोडतो.

गुणांचं गणित सोपं आहे. २२ विधानं भीतीची आहेत, १२ धीराची. भीतीच्या बेरजेत ७२ मिळवा, त्यातून धीराची बेरीज वजा करा. समजा, भीतीचे ८० आणि धीराचे ३० आले. ८० अधिक ७२ वजा ३०, म्हणजे १२२. कमीत कमी ३४, जास्तीत जास्त १७०. ९८च्या खाली भीती कमी, १३१च्या वर जास्त, मधले मध्यम. या सीमारेषा अमेरिकी विद्यार्थ्यांवरून आलेल्या आहेत, त्यामुळे ‘आमचा वर्ग भित्रा’ असा शिक्का मारू नका. मुलाचा आजचा आकडा त्याच्याच जूनमधल्या आकड्याशी लावून पाहा.

आपल्याकडे एवढ्यावर भागत नाही. घरी अहिराणी किंवा पावरी, वर्गात प्रमाण मराठी, सेमिनारला इंग्रजी. मग भीती लोकांसमोर उभं राहण्याची, की ‘ण’चा ‘न’ झाला तर कोणी हसेल याची? म्हणून एकाच विषयावर दोन-दोन मिनिटं बोलायला लावा: एकदा घरच्या बोलीत, एकदा प्रमाण मराठीत, एकदा इंग्रजीत. क्रम मुलागणिक बदला, नाहीतर शेवटच्या भाषेला सरावाचा फायदा मिळतो. प्रत्येक वेळी उभं राहण्याआधी विचारा, ‘० ते १०० मध्ये भीती किती?’ मनगटावरची नाडी ३० सेकंद मोजून दुप्पट करा. जिने चढून आलेल्याला आधी पाच मिनिटं बसवा.

बोलीत २० आणि इंग्रजीत ८० सांगणाऱ्याला स्टेजचा धीर शिकवण्यात अर्थ नाही, त्याला इंग्रजीचा सराव हवा. तिन्हीकडे ८० असेल, तर गोष्ट वेगळी. त्याला आधी चार मित्रांसमोर बसूनच बोलू द्या.

सराव झाल्यावर पुन्हा मोजाल तेव्हा तीच प्रश्नावली, तोच हॉल, शक्यतो तीच वेळ ठेवा. परीक्षेचा आठवडा टाळा. हे मोजमाप म्हणजे आजाराचं निदान नव्हे. पण भाषणाच्या धास्तीने कोणी कॉलेजलाच येईनासं झालं, तर कागद बाजूला ठेवा आणि त्याला ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या.