स्विमिंग पूल आहे, बालवाडी नाही: नव्या संकुलात सोयी आखताना या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका संकुलात मी ताबा मिळाल्याच्या पहिल्या महिन्यापासून राहते. लेआउट काढणं हे माझं रोजचं काम, तरी नकाशात जे दिसलं नव्हतं ते राहायला गेल्यावर कळलं. चौदाव्या मजल्यावरच्या काकांच्या छातीत रात्री दोनला कळ आली. ॲम्ब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन वर आले, पण ते लिफ्टमध्ये मावेना. तिरकं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. शेवटी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, सुनेनं मागून त्यांचं डोकं धरलं आणि तसंच खाली आणलं. ॲम्ब्युलन्स गेटवरच अडकली होती, कारण आतल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या होत्या. त्या खुर्चीसकट आम्ही गेटपर्यंत चालत गेलो. काका वाचले.

तेव्हापासून कुठलंही संकुल आखायला घेतलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही सोय कोण वापरणार, आणि किती वाजता?

घरं मोजली, माणसं मोजली नाहीत

1,200 घरांचं संकुल धरा. घरटी चार माणसं म्हटली तरी 4,800 होतात, म्हणजे एक गावच. केंद्र सरकारच्या 2014 च्या शहर नियोजन मार्गदर्शिकेत दर 2,500 लोकवस्तीमागे एक बालवाडी आणि दर 5,000 मागे एक प्राथमिक शाळा धरली आहे. त्या हिशेबाने या वस्तीला दोन बालवाड्या आणि जवळपास एक अख्खी शाळा लागते. सगळं आपल्याच आवारात हवं असं नाही. पण शाळा कुठे आहे, तिथे प्रवेश मिळतो का आणि सहा वर्षांचं मूल तिथपर्यंत चालत जाईल का, हे आधी बघायला हवं. घोडबंदरला इथेच फसगत होते. नकाशावर शाळा समोर दिसते आणि मधून ट्रक-कंटेनरचा महामार्ग जातो. अंतर पट्टीने मोजू नका, मुलाचा हात धरून चालून बघा.

1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत सेक्टर पाडले तेव्हा शाळा, बाजार, मैदान यांचे भूखंड आधी राखून ठेवले. वाशी-नेरूळला आजी नातवाला चालत शाळेत सोडून येते, ती त्या राखलेल्या भूखंडांमुळे.

पाणी आणि एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट): सगळ्यात महाग पडणारी चूक

शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला 135 लिटर हा मापदंड आहे. आपल्या 4,800 माणसांना रोज 6,48,000 लिटर लागतात. नळाला पाणी आलं नाही तर 10,000 लिटरचे 65 टँकर. त्यांना उभं राहायला जागा कुठे ठेवली आहे? बहुतेक नकाशांत ती नसते, आणि मग टँकर आणि शाळेच्या बस सकाळी सातला एकाच गेटवर समोरासमोर येतात.

या 135 पैकी सुमारे 45 लिटर फ्लशमध्ये जातात. म्हणजे सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरलं तर रोज 2,16,000 लिटर पिण्याजोगं पाणी वाचतं. त्यासाठी प्रत्येक बाथरूमपर्यंत वेगळी पाइपलाइन लागते, आणि ती प्लास्टरच्या आधी टाकली तरच स्वस्तात होते. नंतर भिंती फोडायला कुणी तयार होत नाही.

दुसरी गोम अशी की एसटीपी पूर्ण क्षमतेचा बांधतात आणि पहिल्या वर्षी राहायला येतात शंभर कुटुंबं. एवढ्याशा सांडपाण्यावर आतले जिवाणू तग धरत नाहीत, वास सुटतो, तक्रारी येतात आणि कुणीतरी प्लँट बंद करून टाकतो. तो दोन भागांत बांधा. पहिला भाग पहिल्या विंगबरोबर सुरू करा, दुसरा वस्ती भरेल तसा.

मैदान शेवटच्या टप्प्यात

मोठ्या लेआउटचे टप्पे महारेरावर, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे, वेगवेगळे प्रकल्प म्हणून नोंदले जातात, आणि मैदान, हॉल, वाचनालय शेवटच्या टप्प्यात ढकललं जातं. पहिल्या टप्प्यात आलेलं दुसरीतलं पोर मैदान होईपर्यंत दहावीला बसतं. निदान एक मोकळी जागा आणि एक खोली पहिल्या ताब्याच्या दिवशी तयार असलीच पाहिजे.

4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर 10 टक्के मोकळी जागा ठेवणं ठाण्यात नियमानेच बंधनकारक आहे. पण ती ट्रान्सफॉर्मरमागच्या चिंचोळ्या पट्टीत दाखवली तर नियम पाळला जातो आणि मुलं पार्किंगमध्येच खेळतात. नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सात-सात घरांच्या मधोमध एक छोटं अंगण ठेवलं, घरातून नजर पोचेल असं. जागा छोटी असली तरी चालते, ती घरातून दिसायला हवी.

हॉलचंही तसंच. आपल्याकडे बारसं, डोहाळजेवण, हळद, गणपती आणि बाराव्याचं जेवण, सगळं याच जागेत होतं. एसी क्लबहाऊसपेक्षा पत्र्याची उंच शेड, दोन नळ, पाणी वाहून जायला उतार आणि मांडवासाठी वेगळं वीज कनेक्शन जास्त कामाला येतं.

कामाला येणारी माणसं विसरली

याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. घरकामाला येणाऱ्या मावशी चार-पाच घरं करतात, आणि मधल्या वेळेत जिन्यात बसून डबा खातात. बारा तास ड्युटी करणाऱ्या वॉचमनला स्वच्छतागृह नसतं. तळमजल्यावर दोन स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी आणि पंखा असलेली एक खोली नकाशात पहिल्या दिवसापासून दाखवा. नंतर कुठलीच कमिटी त्यासाठी पार्किंगची जागा सोडत नाही.

चूक होऊन गेली असेल तर

महारेराच्या साइटवरून मंजूर नकाशा आणि सोयींची यादी उतरवून घ्या आणि आवारात फिरून एकेक गोष्ट ताडून बघा. मैदानाच्या जागी नवी विंग येत असेल, तर रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे दोन तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती लागते. कोऱ्या संमतीपत्रावर सह्या करू नका. बांधकामात किंवा सेवांमध्ये दोष निघाला तर ताब्यापासून 5 वर्षांच्या आत लेखी कळवा. बिल्डरला तो 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करावा लागतो.

सोसायटीकडे ताबा घेताना एसटीपी, पंप, जनरेटर आणि आगीचे पंप कमिटीसमोर चालवून दाखवायला सांगा. आणि लिफ्टच्या तपासणीला एक स्ट्रेचर सोबत न्या.