सीमाभागातून परदेशात वस्त्ररचना शिकायला एका सत्रासाठी कसे जावे

वडगाव, खासबाग, शहापूर या बेळगावच्या विणकर वस्त्यांत वाढलेल्या मुलामुलींना मागाचा आवाज परका नसतो, पण परदेशातील संस्थेत एक सत्र वस्त्ररचना शिकता येते याची माहिती त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचते. विद्यार्थी विनिमय म्हणजे परदेशात पूर्ण पदवी घेणे नव्हे. दोन संस्थांमध्ये करार असतो, विद्यार्थी शुल्क आपल्याच संस्थेत भरतो आणि यजमान संस्था त्याच्याकडून वेगळे शिकवणी शुल्क घेत नाही. विमानभाडे, खोली, जेवण, विमा आणि व्हिसा यांचा खर्च मात्र स्वतःच करावा लागतो.

म्हणून पहिली पायरी परदेशात नसून इथेच आहे. विनिमयासाठी यजमान संस्थेकडे परस्पर अर्ज करून उपयोग होत नाही, कारण आपल्या संस्थेने नामनिर्देशन केल्यावरच पुढील अर्ज स्वीकारला जातो. इचलकरंजीची वस्त्र-अभियांत्रिकी संस्था डीकेटीई असो, बेंगळुरूची फॅशन तंत्रज्ञान संस्था निफ्ट असो किंवा अहमदाबादची रचना संस्था एनआयडी, प्रवेश घेण्यापूर्वीच आंतरराष्ट्रीय संबंध विभागाला तीन प्रश्न विचारावेत: आपल्याच शाखेसाठी चालू करार कोणत्या संस्थांशी आहेत, दर सत्रात किती जागा मिळतात आणि निवड गुणांवर होते की कामाच्या संचावर (पोर्टफोलिओवर). माहितीपुस्तिकेत करारांची यादी लांबलचक असली, तरी त्यांतले काही अन्य शाखांसाठी असतात आणि काही नुसते कागदावर उरलेले असतात.

यजमान संस्था निवडताना शहराच्या नावापेक्षा तिथली कार्यशाळा पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वीडनमधील बोरोस विद्यापीठाच्या वस्त्रविद्यालयात विणकाम, निटिंग आणि छपाई यांच्या औद्योगिक यंत्रांवर काम करता येते. हेरिअट-वॉट विद्यापीठाचे वस्त्ररचनेचे संकुल एडिंबरात नसून गॅलाशिल्स या जुन्या लोकर-गिरण्यांच्या गावी आहे, आणि तो भागही स्कॉटलंडचा सीमाभागच आहे. यंत्रमागाच्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला अशा ठिकाणी हातमागावरचा नमुना जकार्ड यंत्रावर (गुंतागुंतीची नक्षी विणणाऱ्या मागावर) कसा उतरतो हे शिकता येते. त्यासाठी त्या सत्रात विनिमय विद्यार्थ्यांना कोणती यंत्रे प्रत्यक्ष वापरायला मिळतील, हे आधीच पत्राने विचारून घ्यावे.

कामाच्या संचावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. संगणकावरची गुळगुळीत फुलापानांची नक्षी कोणीही पाठवतो, मात्र आपल्या परिसरात असे तंत्र आहे जे परीक्षकाने पाहिलेले नसण्याची शक्यता मोठी आहे. इरकल लुगड्यात अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो आणि दोन्हींचे धागे फासांनी एकमेकांत अडकवून जोडले जातात, त्यामुळे प्रत्येक लुगड्यासाठी ताणा स्वतंत्रपणे तयार करावा लागतो. संचात या जोडाचे जवळून घेतलेले छायाचित्र, हाताने काढलेली आकृती आणि त्याखाली आपला स्वतःचा प्रयोग असावा. उदाहरणार्थ, धुतल्यावर कमी आणि जास्त आटणारे दोन ताणे असेच जोडले तर कापडाला कोणता आकार येतो, हे धुण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या तुकड्यांसह दाखवावे. कर्नाटकातील कसुती हा कशिदाही असाच उपयोगी पडतो. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे त्याचे चार टाके कापडाचे धागे मोजून घातले जातात, म्हणून त्यातील एखादी आकृती आलेख कागदावर उतरवून डॉबी मागासाठी (लहान, पुन्हा पुन्हा येणारी नक्षी विणणाऱ्या मागासाठी) बसवता येते. नुसती परंपरेची ओळख करून देणारी पाने मात्र टाळावीत, कारण परीक्षकाला इतिहासापेक्षा तुमचा निर्णय पाहायचा असतो. प्रत्येक नमुन्याशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि सुताचा क्रमांक (जाडी दाखवणारा आकडा) व इंचातील धागे लिहावेत. ज्या विणकराच्या मागावर काम केले त्याची परवानगी घेऊन श्रेय द्यावे. त्याची नक्षी आपली म्हणून दाखवणे ही चोरीच होय.

निवड झाल्यावर, परदेशात कोणते विषय शिकायचे हे ठरवणाऱ्या अभ्यास करारावर सही करण्यापूर्वी श्रेयांकांचा (क्रेडिटचा) हिशेब लावावा. युरोपीय पद्धतीत एका सत्राला साधारणपणे ३० श्रेयांक धरतात. त्यांतील कोणता विषय आपल्या कोणत्या विषयाऐवजी धरला जाईल, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर गेलेल्या विद्यार्थ्याला परतल्यावर तोच विषय पुन्हा द्यावा लागू शकतो.

कागदपत्रांत सीमाभागातील विद्यार्थ्यांची अडचण थोडी वेगळी आहे. कर्नाटकातील शाळेच्या दाखल्यावर नावाआधी आद्याक्षरे असू शकतात, महाराष्ट्रातील महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आणि पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा असतो. त्याशिवाय शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलल्याने जन्मस्थान एका कागदावर ‘बेलगाम’ आणि दुसऱ्यावर ‘बेळगावी’ असे असू शकते. पासपोर्ट प्रमाण मानून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवावेत आणि जिथे दुरुस्ती शक्य नसेल तिथे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. हे काम नामनिर्देशनाची वाट न पाहता वर्षभर आधी सुरू करावे.

व्हिसाचा अर्ज कुठे करायचा हेही आधी पाहावे. जर्मनीच्या बाबतीत कर्नाटकातील रहिवासी बेंगळुरूच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात आणि महाराष्ट्रातील मुंबईच्या. पासपोर्टवर बेळगावचा पत्ता आणि शिक्षण इचलकरंजीत अशी स्थिती असल्यास आपली कक्षा कोणती, हे भेटीची वेळ घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. शेंगेन देशांचा (सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांचा) अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांपुरताच चालतो, त्यामुळे पूर्ण सत्रासाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास परवाना लागतो. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचे शिक्षण अभ्यागत व्हिसावर करता येते, तर अमेरिकेत विनिमयासाठी सहसा जे-१ व्हिसा असतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षे ग्राह्य असतात, म्हणून ती परीक्षा फार आधी देऊ नये.

सामानात विणलेले तुकडे आणि सुताच्या कांड्या खुशाल न्याव्यात. नैसर्गिक रंगासाठी लागणाऱ्या साली, मुळे आणि बिया मात्र पुड्या बांधून नेऊ नयेत, कारण वनस्पतिजन्य कच्च्या मालावर सीमाशुल्क विभागात हरकत घेतली जाऊ शकते. रंगवलेले सूत आणि रंगाची कृती लिहिलेली वही नेली तरी तेच काम होते.

सत्र संपताना गुणपत्रक कधी आणि कोणाकडे पाठवले जाईल हे निघण्यापूर्वी लेखी घ्यावे. यंत्रावर विणलेल्या नमुन्यांच्या तांत्रिक फायलीही सोबत घ्याव्यात, कारण त्या नसतील तर तोच नमुना इचलकरंजीच्या जकार्डवर पुन्हा विणण्यासाठी सगळी मांडणी नव्याने करावी लागते.